पुळणीवरचा सुरू

कारवारच्या किनाऱ्यावर १८६८-६९ साली सरकारी जंगलखात्यानं सुरूची लागवड केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या अगदी सुरुवातीच्या लागवडींपैकी ही एक. आज बोर्डी, केळवे, काशिद, दिवेआगर, रत्नागिरीजवळचं भाट्ये, शिरोड्याची वेळागर, कुठेही जा, समुद्राआधी सुरू दिसतो. पर्यटनाच्या जाहिरातीत निळं पाणी, पांढरी वाळू आणि सुरूचं बन असं त्रिकूट ठरलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं समुद्राइतकंच जुनं असणार. प्रत्यक्षात हे बन कुणीतरी आखलं, मोजलं आणि ओळीत लावलं. बनात शिरून एका रेषेत नजर टाकली, तर बहुतेक ठिकाणी त्या ओळी अजूनही दिसतात. हे झाड लावण्याची कारणं मात्र दर दोन पिढ्यांनी बदलत गेली. त्या बदलत्या कारणांचा हा मागोवा.

आधी झाडाबद्दल. सुरूला सुया असतात असं आपण म्हणतो, पण त्या सुया ही त्याची पानं नव्हेत. त्या हिरव्या, पेरापेरांच्या बारीक काड्या आहेत. एक काडी घेऊन पेरातून अलगद ओढली की ती सुटते आणि पुन्हा जागेवर बसवली तर तुटल्याचं कळतही नाही. जिथे सुटली तिथे भिंगातून पाहिलं, तर दातऱ्यांचं एक इवलंसं कडं दिसतं. ती दातरी हीच सुरूची पानं, एका पेरावर साधारण सहा ते आठ. पान इतकं आखडून घेतल्यामुळे खाऱ्या वाऱ्यात झाडाचं पाणी कमी उडतं. मुळांवर गाठी असतात आणि त्यांत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव हवेतला नत्र धरून झाडाला पुरवतात. म्हणून नुसत्या वाळूत, जिथे दुसरं झाड रोडावतं, तिथे सुरू चार-पाच वर्षांत माणसाच्या कितीतरी वर जातो. लाकूड जड आणि कठीण, ओलं असतानाही जळणारं. जंगलखात्याला यापेक्षा गुणी झाड शोधूनही सापडलं नसतं.

सुरूचं मूळ घर आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाचा उत्तर आणि पूर्व किनारा आणि पॅसिफिकची बेटं. अंबॉन बेटावर राहून वनस्पती नोंदवणाऱ्या रुम्फियसच्या ग्रंथात तो आहे, आणि लिनियसनं १७५९ मध्ये त्याला आजचं शास्त्रीय नाव दिलं. ताहितीची माणसं त्याच्या लाकडाच्या गदा करत. हिंदुस्थानात तो आधी बागेतलं शोभेचं झाड म्हणून रुळला. कलकत्त्याच्या बागमारीतल्या दत्त कुटुंबाच्या बागेत असाच एक मोठा सुरू होता. एकविसाव्या वर्षी, १८७७ मध्ये वारलेल्या तोरू दत्तनं त्याच्यावर इंग्रजीत कविता केली आणि तो एक सुरू साहित्यात कायमचा राहिला. बागेतल्या त्या एका झाडापासून किनाऱ्यावरच्या हजारोंच्या रांगांपर्यंत येण्यासाठी मात्र आणखी एक कल्पना लागली. किनाऱ्याची वाळू हा शत्रू आहे आणि झाडं लावून तिला जखडता येतं, ही ती कल्पना.

तिचं सर्वात गाजलेलं उदाहरण फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, गॅस्कनीच्या लांद प्रदेशात आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्या वाऱ्यासरशी आत सरकत आणि शेतं, घरं गिळत. मागे दलदलीचं माळरान पसरलेलं, आणि त्यातून वाट काढायला मेंढपाळ उंच काठ्यांवर चालत. १७८७ च्या सुमारास निकोला ब्रेमोंतिए या सरकारी अभियंत्यानं तिथे सागरी पाइनची पेरणी सुरू केली. त्याच्याआधी काहींनी हे करून पाहिलं होतं, पण नाव त्याचं झालं. त्याची पद्धत साधी आणि चिकाटीची होती. समुद्राच्या बाजूला लाकडी फळ्यांचं कुंपण घालायचं, वाळू त्याला अडून साचली की फळ्या वर ओढायच्या, असं करत एक अखंड टेकाड उभं करायचं. त्याच्या आडोशाला पाइनचं बी काटेरी झुडपांच्या बियांबरोबर पेरायचं आणि वर फांद्या अंथरायच्या. झुडूप आधी उगवे आणि पाइनला सावली देई. १८५७ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं कायदा करून मागच्या माळरानावरही पाण्याचा निचरा आणि लागवड सक्तीची केली. मेंढपाळांचं कुरण गेलं आणि देशातलं मोठं लाकूड-डिंकाचं जंगल उभं राहिलं.

त्याच १८५७ साली त्या किनाऱ्यावरच्या आर्काशों गावापर्यंत रेल्वे पोचली, आणि माझ्या मते या सगळ्या वंशावळीतला कळीचा टप्पा इथे आहे. १८६० च्या दशकात एमिल पेरेर या सावकार-उद्योगपतीनं पाइन लावलेल्या टेकड्यांवर एक अख्खं ‘हिवाळी शहर’ वसवलं. क्षयरोग्यांना पाइनची हवा मानवते, असं तेव्हाचे डॉक्टर सांगत. गिऱ्हाईक आयतंच होतं. रस्ते मुद्दाम वळणावळणाचे काढले, म्हणजे समुद्रवारा सरळ घुसणार नाही. झाडांखाली नक्षीदार लाकडी सज्जांचे बंगले उभे राहिले. वाळू थांबवायला लावलेलं रान दोन-तीन पिढ्यांत हवापालटाचं ठिकाण झालं आणि येणाऱ्यांनी तेच तिथलं मूळ रूप मानलं. खरं मूळ रूप थोडं दक्षिणेला पिलाच्या टेकडीवर पाहता येतं. शंभर मीटरहून उंच असलेला तो वाळूचा डोंगर अजूनही पूर्वेकडे सरकत पाइनची झाडं पोटात घेतो.

हिंदुस्थानच्या जंगलखात्याची स्थापना १८६४ मधली. त्यात नेमायचे तरुण ब्रिटिश अधिकारी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ दोन दशकं फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात शिकायला पाठवले जात. लांदची गोष्ट त्या काळच्या वनशास्त्रातली यशोगाथा होती. उष्ण किनाऱ्यांवर पाइनची जागा सुरूनं घेतली, आणि पुढे सेनेगलच्या किनाऱ्यापासून दक्षिण चीनपर्यंत हीच कृती फिरली.

कारवारला त्या वेळी मोठे दिवस येणार, असं सगळ्यांना वाटत होतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. धारवाडकडचा कापूस कारवार बंदरातून न्यायची योजना झाली आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. बंदराला वस्ती हवी, वस्तीला जळण हवं. मद्रासकडे तर आगगाडीच्या इंजिनांना घालायला सुरूच्या लागवडी उभ्या राहत होत्या. किनाऱ्याची पडीक वाळू उत्पन्नाला आणायची, वारा अडवायचा आणि जळण मिळवायचं, असा हा हिशेब. कापसाची भरभराट यादवीबरोबरच ओसरली. झाडं राहिली.

आणि मग पाहुणे आले. सत्येंद्रनाथ ठाकूर, सनदी सेवेत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ, कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले, म्हणून आपल्याला ते जवळचे. १८८३ च्या सुमारास त्यांचा धाकटा भाऊ रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आला. पुढे आठवणी लिहिताना रवींद्रनाथांनी कारवारचा अर्धचंद्राकृती किनारा आणि त्याच्या कडेचं सुरूचं रान यांचं वर्णन केलं आहे. लागवड जेमतेम पंधरा वर्षांची होती, आणि एका कवीच्या नजरेत ती त्या किनाऱ्याचा अविभाज्य भाग झालेली होती. त्या किनाऱ्याला आज रवींद्रनाथांचंच नाव आहे.

सुरू येण्याआधी पुळणीवर काय होतं, हे आता नीट पाहायला हवं, कारण नुकसान तिथे झालं. कोकणातली जुनी किनारी गावं समुद्राकडे तोंड करून बसलेली नाहीत. गुहागर घ्या. किनाऱ्याला समांतर एक लांबच लांब रस्ता, दुतर्फा घरं. समुद्राच्या बाजूच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे उंडी, करंज, भेंडी आणि केवड्याची दाटी, तिच्यापुढे वाळूचं टेकाड, आणि मग पुळण. ज्यांनी ही गावं वसवली त्यांना समुद्रदर्शनाची हौस नव्हती. उधाणाचं पाणी आणि खारा वारा घरापर्यंत पोचण्याआधी त्याला चार उंबरे ओलांडावे लागावेत, अशी ती रचना होती. उंडीच्या बियांचं तेल दिव्यात जळायचं, केवड्याची पानं विणकामाला यायची. आडोसा आणि उपयोग एकाच पट्ट्यात.

टेकाड बांधायचं काम मर्यादवेल करते. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळं फूल, आणि वाळूवर कित्येक हात सरळ धावणारं खोड. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारचा खारा वारा कोरडी वाळू उडवत आणतो. वेलीच्या पानांशी त्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच खाली बसते. वेल गाडली जाते, पेरातून नवी मुळं सोडते आणि पुन्हा वर येते. पुन्हा वाळू, पुन्हा मुळं. रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गवत हेच काम करतं. असं महिनोन् महिने साचलेलं टेकाड म्हणजे पेवात भरून ठेवलेलं धान्य. जून लागला की पावसाळी लाटा टेकाडाचा पायथा कापतात, ती वाळू समुद्रात थोड्या अंतरावर आडव्या दांड्यासारखी पसरते आणि पुढच्या लाटा त्या दांड्यावर फुटून मवाळ होतात. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू परत किनाऱ्यावर आणून टाकतात. किनारा दर वर्षी झिजतो आणि दर वर्षी भरतो. टेकाडानं हलत राहणं, यातच गावाचं संरक्षण आहे.

सुरूनं नेमकं हेच थांबवलं. त्याच्या काड्यांचा थर खाली साचतो आणि वर सावली. मर्यादवेलीला लख्ख ऊन लागतं. ती तिथे टिकत नाही. इतकंच काय, सुरूचं स्वतःचं रोपही त्या थरात सहसा उगवत नाही. म्हणून बनात सगळी झाडं एका वयाची दिसतात आणि पुढची पिढी दिसत नाही. रांगा अगदी पाण्याजवळ आणल्या, की पावसाळी लाटेला कापायला टेकाड उरत नाही. ती झाडाच्या मुळाशी येते. मग उघडी पडलेली मुळं, एका बाजूला कललेले बुंधे आणि कड तुटलेली वाळू, हे दृश्य अलिबागपासून खाली अनेक किनाऱ्यांवर आपण पाहतो. लोक म्हणतात, समुद्र आत आला. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरंच, वाळूउपसा आणि बंदरांच्या भिंतींचाही वाटा आहे. पण हलत्या जागेवर न हलणारी रांग उभी करण्याचा निर्णय माणसाचा होता.

किनाऱ्याची अशी आडवी रचना आधुनिक नियोजनात ठसवली ती इयन मॅकहार्ग यांनी. ते मूळचे स्कॉटलंडचे, फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात भूदृश्यरचना शिकवत. मार्च १९६२ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तीन दिवस वादळ बसून राहिलं आणि न्यू जर्सीत टेकाडं सपाट करून बांधलेली घरं वाहून गेली. १९६९ मध्ये आलेल्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात मॅकहार्गनी डच लोकांचं उदाहरण देऊन किनाऱ्याचा छेद मांडला. पहिल्या टेकाडावर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. त्यामागच्या खोलगट भागात बेतानं वावर चालेल. दुसरं टेकाड पुन्हा वर्ज्य. घरं त्याच्यामागे. आणि समुद्रावर जायचं तर टेकाडावरून उचललेल्या लाकडी पुलावरून. लाकडी फळ्यांची वाट न्यू जर्सीला नवी नव्हती. अटलांटिक सिटीत ती १८७० मध्येच घातली होती, पण ती हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत पाहुण्यांच्या पायांनी वाळू येऊ नये म्हणून. पाहुण्यापासून गालिचा वाचवणारी फळी शंभर वर्षांनी पाहुण्यापासून टेकाड वाचवू लागली. मॅकहार्ग यांचा तो छेद पाहताना मला गुहागरची आळी आठवते.

आपल्याकडे किनाऱ्याचा कायदा आला तो वेगळ्या वाटेनं. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामं होऊ देऊ नका. त्यातून १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर विकासाला बंद झाले. तिथे शेती, बागायत, उद्यानं, क्रीडांगणं आणि वनीकरण चालणार होतं. रिसॉर्टांसाठीच्या जोडपत्रात वाळूची टेकाडं सपाट करायची नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं; खेळांसाठी गोलाचे खांब, जाळीचे खांब आणि दिव्याचे खांब एवढ्यालाच मुभा होती. या अधिसूचनेनं किनारा वाचवला, यात शंका नाही. पण एक गोष्ट तिच्यातून सुटली. टेकाडावर खोली बांधणं हा विकास ठरला, आणि टेकाडावर सुरूच्या रांगा लावणं हे पर्यावरणाचं काम ठरलं. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाची यंत्रणा १९८० च्या दशकात उभी राहिली होती. किती रोपं लावली यावर काम मोजलं जायचं, आणि मोकळ्या वाळूत जगणारं, लवकर दिसणारं रोप सुरूचंच होतं.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनं सुरूला आणखी एक कारण दिलं. तामिळनाडूतल्या नागपट्टिनम जिल्ह्यातल्या नालुवेदपती या गावानं डिसेंबर २००२ मध्ये एका दिवसात ८०,२४४ रोपं लावून जागतिक विक्रम केला होता. त्यांत सुरूचा भरणा मोठा. सुनामीत या गावाची हानी आसपासच्या मानानं कमी झाली. बातमी जगभर गेली आणि त्या किनाऱ्यावर ‘जैवकवच’ म्हणून सुरूचे पट्टेच्या पट्टे उभे राहिले. पुढच्या काळात परिसरशास्त्रज्ञांनी शंका मांडल्या. गाव किती उंचावर आहे, समुद्रतळाचा उतार कसा आहे, पुढे टेकाड शाबूत आहे का, यांवर लाट कुठवर येते हे ठरतं. झाडांचं श्रेय यांपासून वेगळं काढणं अवघड. आणि या पट्ट्यांनी काही ठिकाणी नैसर्गिक टेकाडांवरच अतिक्रमण केलं. मला हे म्हणणं पटतं. संकटानंतर काहीतरी उभं केलेलं दिसावं ही लोकांची गरज असते आणि टेकाड वाढताना डोळ्यांना दिसत नाही.

कासवाला मात्र फरक लगेच कळतो. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वर येते, भरतीरेषेच्या वर कोरडी, मोकळी वाळू शोधते, मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. वाटेत मुळांचं जाळं किंवा काड्यांचा थर लागला, तर ती परत फिरते. पिल्लू नर होणार की मादी, हेसुद्धा वाळूच्या उष्णतेवर ठरतं; ऊब जास्त असेल तर माद्या अधिक. म्हणजे सावली कुठे पाडायची हा प्रश्न फक्त पर्यटकांचा राहत नाही. फ्लोरिडात सुरूनं कासवांच्या आणि मगरींच्या विणीच्या जागा बळकावल्या, तेव्हा त्या राज्यानं त्याला उपद्रवी ठरवून नव्या लागवडीवर बंदी घातली.

आपल्याकडे गेल्या काही दशकांत किनाऱ्यावर माणसांचा पूर आला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या थेट बनात शिरतात, कारण सावली तिथे आहे. शहाळीवाले, भेळेच्या गाड्या, झोपाळे, चारचाकी बग्ग्या, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं त्याच रांगांमधून. आर्काशोंची गोष्ट आपण जशीच्या तशी पुन्हा घडवली आहे. फरक एवढाच की तिथे पेरेरनं निदान रस्ते आखले होते. आपल्याकडे गाडीचं चाक जिथे वळलं तो रस्ता झाला, आणि मर्यादवेलीचा उरलासुरला पट्टा त्या चाकांखाली गेला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. नारळ, पोफळी, आंबे, सुरू, सगळंच आडवं झालं. वाड्या गेल्या त्यांचं दुःख मोठं. एका नारळाला उभं राहायला माणसाची उमेदीची वर्षं जातात. या सगळ्या गडबडीत किनाऱ्यावरच्या मोकळ्या झालेल्या जागी काय लावायचं, हा प्रश्न बाजूला पडला. तो टळणारा मात्र नाही. किनाऱ्यावरच्या सुरूचं आयुष्य साधारण चाळीस-पन्नास वर्षांचं. १९८० च्या दशकात लावलेल्या रांगा आता त्या वयात आल्या आहेत.

सगळा सुरू तोडा असं मी म्हणणार नाही. वाडीला लागून, टेकाडाच्या मागे असलेला सुरू वारा अडवतो आणि दुपारी माणसाला बसायला जागा देतो. तो तिथे राहावा. समुद्राकडच्या पहिल्या रांगा पडतील तेव्हा त्या जागी पुन्हा सुरू लावू नये, एवढंच मागणं आहे. तिथे आधी टेकाडाला येऊ द्यावं, त्याच्यामागे उंडी, करंज आणि केवडा. उंडी-करंजाची रोपं कोकणातल्या रोपवाटिकांमध्ये होऊ शकतात. मर्यादवेलीला तर रोपवाटिकाही नको; पेरं असलेला हातभर तुकडा ओल्या वाळूत दाबला की तो मूळ धरतो. त्याला दोन पावसाळे दोरीचं कुंपण लागतं, माणसांना ओलांडायला ठरावीक ठिकाणी उचललेली लाकडी वाट लागते, आणि गाड्यांचा तळ गावाच्या रस्त्यालगत, वाडीच्या अलीकडे ठेवावा लागतो. गाड्यांच्या तळाची ही जागा आज जवळपास कुठल्याच किनाऱ्यावर आखलेली नाही. ग्रामपंचायतीनं आणि वनखात्यानं सुरुवात करायची तर रोपांच्या आधी तिच्यापासून करावी.